आलं खाल्लं की उलटी येत नाही? बोट लागण्याचे अनुभव सांगा

खारा_वारा
परवा गेटवेहून लाँचने मांडव्याला गेलो. वारा होता त्यामुळे लाँच चांगलीच डुलत होती. समोरच्या बाकावर कॉलेजचा एक मुलगा, आधी सेल्फी काढत होता, मग गप्प झाला, मग हळूहळू पांढरा पडायला लागला. माझ्या शेजारच्या आजींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि त्याच्या हातावर एक आलेपाकाची वडी ठेवली. "चघळ, गिळू नको. आणि त्या मोबाईलात बघू नको, लांब डोंगराकडे बघ." डबी उघडल्यावर जो वास आला ना, मी थेट १९७४ मध्ये.

मे महिना, मी आठ वर्षांची, भाऊच्या धक्क्यावरून कोंकण सेवक. तेव्हा मालवणला जायचं तर बोट. डेकवर धावत जाऊन सतरंजी टाकायची की ती जागा आपली, मग वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे. आजीच्या चंचीत पानसुपारीच्या शेजारी आल्याच्या वड्या असायच्या, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या. कागद चिकटलेला असायचा, तो ओढून काढला की वडीवर छापील अक्षरं उलटी उमटलेली दिसायची. मी खाण्याआधी ती वाचायचा प्रयत्न करायचे. बोटीचा भोंगा व्हायच्या आधी प्रत्येकाने एक वडी खायची हा आजीचा नियम. काकू हसायची, म्हणायची हे खेडवळ उपाय, आणि निघताना बटाटेवडे दाबून आली होती. रात्री काकूचं काय झालं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

पण खरी गंमत मालवणला. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं. पडाव वर यायचा, खाली जायचा, तो वर आला की खलाशी पोरांना बखोट धरून सरळ आत टाकायचे. रात्रभर टुणटुणीत असलेली आमची आजी त्या पडावात पंधरा मिनिटांत आडवी. सगळ्यांना वाटत वाटत तिची स्वतःची वडी राहिलीच होती. नंतर म्हणते, "तुमका वाटून माका काय रवला?"

तर तुम्हाला बोट लागते का? आलं, सुंठ, आलेपाक, काय चालतं? लिहा.

रिकामटेकडी
पहिली!! आम्ही अंदमानला गेलो होतो, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, आता स्वराज द्वीप म्हणतात. बंद एसी बोट, खिडकीला पाणी आपटतंय, मागे कोणाचं तरी पोर रडतंय. पोटात ढवळायला लागल्यावर मी आल्याची कँडी तोंडात टाकली. आलं खाल्लं आणि आलं. एवढंच सांगते. 😭

डबल_ढोलकी
उलटी अक्षरं उमटलेली वडी खाऊन उलटी थांबते, हा होमिओपॅथीचा प्रकार दिसतोय.

रिकामटेकडी
@डबल_ढोलकी 😂😂 चहा सांडला माझा

देवबागचो
माका बोट कधी लागाक नाय. पण एसटी लागता. गगनबावड्याचो घाट चढताना मी माणसात नसतंय. आये चिच दिता, आमसूल दिता, काय उपेग नाय. त्या पडावाची याद काढलात ती बरी, माझे आजे पडावारच कामाक होते. ते सांगत, मुंबयच्या पाव्हण्यांका धरताना आधी तोंडाकडे बघायचा, हिरवा दिसला तर तोंड भायल्या बाजूक करून धरायचा.

जुना_खलाशी
बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता नाशकात द्राक्षं बघतो (लोकांची). पहिल्या फेरीत कॅडेट म्हणून बिस्केच्या उपसागरात जानेवारीत. तीन दिवस. पहिल्या दिवशी वाटतं आपण मरणार, दुसऱ्या दिवशी वाटतं मेलो तर बरं. बोसनने एक रिकामी बादली हातात दिली आणि म्हणाला ही घे, आणि रंगकाम चालू ठेव. रजा वगैरे नाही. तेव्हा राग आला होता पण बरोबर होतं त्याचं, कारण केबिनमध्ये पडून राहिलात तर आणखी वाट लागते. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात भिंत जागेवर आहे, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट मार खातं. डेकवर क्षितिज दिसलं की भांडण मिटतं.

आल्याचं म्हणाल तर आमचा कुक गोव्याचा होता, तो नवीन पोरांना कोरा चहा द्यायचा, त्यात आलं एवढं की घसा जळायचा, आणि सोबत कोरडा टोस्ट. रिकामं पोट नको आणि भरलेलंही नको. मला फरक पडला. की तीन दिवसांत शरीराला सवय झाली म्हणून पडला, देव जाणे, बहुतेकांना तेवढ्यात सवय होतेच. आणि लाज वाटून घेऊ नका कोणी, इंग्रजांच्या नेल्सनलाही आयुष्यभर बोट लागायची.

लिंबू_टिंबू
मला लिफ्ट पण लागते.

डबल_ढोलकी
@जुना_खलाशी म्हणजे सवय झाली आणि श्रेय आल्याला. सुंठीवाचून खोकला गेला तसं उलटं, खोकला आपोआप गेला आणि नाव सुंठीचं. मला खरंच जाणून घ्यायचंय, कोणी नीट तपासलंय का हे? की सगळं आजी म्हणाली?

काढा_कडू
@डबल_ढोलकी तपासलंय. मी फार्मसी कॉलेजात शिकवते, हा प्रयोग दरवर्षी वर्गात सांगते. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० नवख्या कॅडेटांवर, भर समुद्रात. अर्ध्यांना १ ग्रॅम सुंठ पावडर, अर्ध्यांना नुसती खोटी पुडी, आणि चार तास दर तासाला नोंदी. सुंठ घेतलेल्यांना ओकाऱ्या आणि थंड घाम कमी. पण मळमळ आणि गरगरणं यांत म्हणावा तसा फरक नाही दिसला. म्हणजे तुमचं पण थोडं बरोबर आणि आजीचं पण. त्याआधी १९८२ मध्ये गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून पण केलं होतं, तिथे सुंठ उलटीच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण नंतर बाकीच्यांना दर वेळी तसं दिसलं नाही.

आलं मुख्यतः पोटावर काम करतं. त्यामुळे गोळीसारखी झोप येत नाही, ही त्यातली जमेची बाजू. पण वेळेवर घ्यायला हवं. @रिकामटेकडी ढवळायला लागल्यावर पोट काही पुढे ढकलत नाही, मग खाल्लेलं तिथेच बसतं आणि परत येतं. निघायच्या अर्धा तास तरी आधी घ्यायचं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी सुंठीचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, चहातल्या आल्याचं काही नाही.

रिकामटेकडी
@काढा_कडू अरे देवा. म्हणजे आजीचा भोंग्याआधीचा नियम बरोबर होता. मी भोंग्यानंतर खाल्ली. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतोय त्याच्या शर्टाचे पैसे कोण देणार.

वरळीची_पोर
आमच्यात बोट लागणं हे पाहुण्यांचं दुखणं 😄 बाबा तांडेल होते. पण एक सांगते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ना, त्या दोन महिन्यांत जाळी विणत घरी बसल्यावर पहिल्या फेरीला जुन्या खलाशांनाही थोडं गरगरतं. कबूल कोणी करत नाही. नवीन पोरगा असेल तर त्याला आल्याचा कोरा चहा आणि सुक्या बोंबलाचा वास घ्यायला देतात, दुसरं मस्करीत. इंजिनपासून लांब बसवतात कारण अर्धी मळमळ डिझेलच्या धुराची असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओकायचं तर वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. एकदा चुकलं की माणूस आयुष्यात परत विसरत नाही, आणि त्याच्या मागे बसलेला तर मुळीच नाही.

देवबागचो
@वरळीची_पोर 😂😂 खरा

पोळपाट_लाटणं
आलेपाकाची रेसिपी द्या ना कोणीतरी. बाजारातला नुसता साखरेचा असतो.

तांबडी_माती
रेषा नसलेलं कोवळं आलं घ्या, साल काढून बारीक वाटा, एक वाटी वाटणाला दोन ते अडीच वाट्या साखर, चमचाभर साय. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर घोटत राहायचं, फोन घ्यायला जायचं नाही. कडा सुटायला लागल्या, कडेला पांढरी साखर दिसायला लागली की उतरवायचं, उतरवल्यावर पण दोन मिनिटं घोटायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापायचं. गरम असतानाच सुरीने रेघा मारा. थंड झाल्यावर मारायला गेलात तर भुगा. साताऱ्याकडचं आलं मिळालं तर उत्तम, आमचं कोरेगाव त्यासाठीच प्रसिद्ध. गेल्या वर्षी दर पडला होता तेव्हा वडिलांनी आलं काढलंच नाही, जमिनीतच ठेवलं. आता काढायला मजूर नाहीत. असो, विषय बोटीचा आहे.

पोळपाट_लाटणं
@तांबडी_माती थँक्यू! तुमच्याकडून थेट मिळेल का पाच किलो?

तांबडी_माती
@पोळपाट_लाटणं विपू (विचारपूस) बघा, तिथे निरोप टाकलाय.

उत्तरवारा
स्कॉटलंडमधून लिहितेय. ॲबर्डीनहून शेटलंडला रात्रीची बोट असते, साधारण बारा तास. ऑफिसच्या कामासाठी गेले, फेब्रुवारीत, म्हणजे मूर्खपणा माझाच. इथले लोक आल्याची बिस्किटं खातात, बोट सुटायच्या आधी कॅफेत बघावं तिकडे तीच. माझ्याकडे आईने दिलेला सुंठवडा होता, रामनवमीचा, डब्याच्या तळाशी घट्ट झालेला, चमच्याने खरवडून काढला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं काय आहे, थोडा हातावर घातला तर तिने तो नाकाने ओढला!! तिला वाटलं तपकीर. पुढचा अर्धा तास ती शिंकत होती आणि मी सॉरी म्हणत होते. गंमत म्हणजे त्या गडबडीत मला मळमळ आठवलीच नाही. रात्रभर झोपले पण, बोटीच्या मधल्या भागात खालची केबिन घेतली होती, तिथे कमी हलतं.

डबल_ढोलकी
@उत्तरवारा हा उपाय पहिल्यांदाच ऐकला. शेजारच्याला सुंठ हुंगायला देणे.

कागदी_होडी
इब्न बतूता कालिकतला आला होता चौदाव्या शतकात, त्याने तिथे थांबलेल्या चिनी जहाजांबद्दल लिहिलंय की खलाशी बायकापोरांसकट राहतात आणि लाकडी पेट्यांमध्ये भाज्या आणि आलं लावतात. जहाजावर आल्याची शेती! उलटीसाठी असं काही तो म्हणत नाही हां, जेवणासाठीच असणार. पण ताजं आलं हाताशी होतं एवढं खरं.

मावळतीचा_धक्का
धागा वाचून वडिलांची आठवण झाली. आमचं गाव रेवसजवळ. वडील कधीच बोटीने गेले नाहीत, पनवेलवरून पाच तास लागले तरी गाडीनेच. आम्हाला वाटायचं त्यांना बोट लागते, आई पण पाहुण्यांना तसंच सांगायची. मी मोठा झाल्यावर कळलं त्यांचे मोठे भाऊ रामदास बोटीवर होते. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, लोक सणाला घरी येत होते. बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. घरात कोणी बोलायचं नाही त्यावर. आल्याचा काही संबंध नाही, सॉरी, पण लिहावंसं वाटलं.

खारा_वारा
@मावळतीचा_धक्का सॉरी कशाला. लिहिलंत ते बरं केलंत. माझी आजी पण कासा खडकाजवळून बोट जाताना हात जोडायची, का ते मला तेव्हा कळायचं नाही.

जुना_खलाशी
@मावळतीचा_धक्का 🙏

घाटातली_एसटी
बोटीत कधी बसले नाही पण वरंधा घाटात आले + लिंबू + मीठ काम करतं. शेवटची सीट घेऊ नका. पेपर पोटावर बांधायचा उपाय कोणी केलाय का? मामा करायचा, तो पेपर वाचायचा पण नंतर.

लिंबू_टिंबू
बहिणीला चौथा महिना चालू आहे, अलिबागला जायचंय, आल्याचा चहा चालेल ना?

काढा_कडू
@लिंबू_टिंबू सकाळच्या मळमळीला आल्याचा चहा बायका घेतातच, पण सुंठीच्या कॅप्सूल वगैरे नको, आणि तिच्या डॉक्टरांना एक फोन करा. मुळात रो-रोने जा ना, भाऊच्या धक्क्यावरून, मोठी असते, लाँचपेक्षा कमी हलते.

लिंबू_टिंबू
ओके थँक्स. मी पण जाणार आहे सोबत. मला लिफ्ट लागते.

डबल_ढोलकी
रो-रोत लिफ्ट नसेल तर काळजी नाही.

खारा_वारा
किती छान लिहिताय सगळे. @तांबडी_माती तुमच्या मापाने आत्ता आलेपाक करायला घेतला होता. कडा सुटल्यासारख्या वाटल्या म्हणून उतरवला, आणि इथले रिप्लाय वाचत बसले.

तांबडी_माती
फोन घ्यायचा नाही सांगितलं होतं. थापला का?

खारा_वारा
थापला. वड्या पडत नाहीयेत, खाली गोंदासारखा झालाय. परत कढईत टाकू का?

तांबडी_माती
टाका, वर दोन चमचे पिठीसाखर. आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवून या.