महाविद्यालयातील साहित्य वाचन गट टिकवावा कसा?

प्रश्न :
आमच्या विभागात मी गेल्या वर्षी वाचन गट सुरू केला. पहिल्या बैठकीला बावीस जण होते, सहाव्या बैठकीला पाचच उरले. दर महिन्याला एक कादंबरी ठरते. बहुतेकांची ती अर्धवटच वाचून होते, मग पूर्ण वाचलेले एक-दोघे बोलतात आणि बाकीचे मान खाली घालून बसतात. शेवटी मार्गदर्शक सर विवेचन करतात आणि बैठकीचा वर्गातला तास होऊन जातो. काय बदलावे?

पहिले उत्तर :
घरून वाचून येण्याची अट काढून टाका. आम्ही दोन-तीन पानांची कथा किंवा एखादी कविता घेतो, प्रत्येकाच्या हाती प्रत देतो आणि तिथेच मोठ्याने वाचतो. एकदा ‘ती परत आली’ या वाक्यापाशी वाचणारी मुलगी थांबली आणि तिने विचारले, की ती माघारी आली, की पुन्हा एकदा आली? त्या एका शब्दावर अर्धा तास गेला. एरवी गप्प राहणारी दोन मुले आपापल्या अर्थासाठी कथेतली आधीची वाक्ये काढून दाखवू लागली.

दुसरे उत्तर :
मी स्वतः शिकवतो, म्हणून सरांविषयी लिहितो. केंब्रिजमध्ये इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव न सांगता विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि लेखी प्रतिक्रिया मागवल्या. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनातून दिसले, की साहित्याचे विद्यार्थीही कवितेचा साधा वाच्यार्थ चुकवत होते. नावाचा दबाव नसला, की वाचक खरोखर काय वाचतो ते कळते, आणि मला वाटते शिक्षकाच्या मताचाही तसाच दबाव असतो. सरांना विनंती करा, की त्यांनी फक्त प्रश्न विचारावेत, तेही ज्यांचे उत्तर त्यांना स्वतःलाही निश्चित ठाऊक नाही असे.

तिसरे उत्तर :
वरील सूचना पटतात, पण कादंबरी सोडू नका. दीर्घ कृतीत महिनोन्महिने राहण्याचा अनुभव कथा देत नाही. संपूर्ण सत्रात एकच कादंबरी घ्या, आठवड्याला एक प्रकरण.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. सरांशी आजच बोलले. ते तयार आहेत. पुढच्या बैठकीला एक कविता, कवीच्या नावाशिवाय.