नात्यातील असमतोल संवादांशिवाय कसा दाखवावा?

अर्धविराम

मी एका लघुपटाची पटकथा लिहीत आहे. एकत्र राहणाऱ्या दोघांची ती गोष्ट आहे आणि त्यांपैकी पुरुषाचाच शब्द दर वेळी शेवटचा ठरतो, हे प्रेक्षकाला हळूहळू जाणवावे अशी माझी इच्छा आहे. पहिला खर्डा ज्यांनी वाचला, त्यांना तो पुरुष सरळ खलनायक वाटला, कारण मी त्याच्या तोंडी चढ्या आवाजातली वाक्ये घातली होती. माझ्या मनातला माणूस मात्र सौम्य बोलणारा आहे. तिला दुसऱ्या शहरातून नोकरीचे बोलावणे येते, तेव्हा तो जेवता जेवता ‘तुला योग्य वाटेल ते कर’ एवढेच म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. हे मिटणे दाखवायचे कसे? त्यासाठी कोणते प्रसंग पाहावेत? त्याला खालच्या कोनातून आणि तिला वरच्या कोनातून चित्रित करावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही.

दुसरी घंटा

ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’मधील (१९४१) न्याहारीचा प्रसंग आधी पाहावा. वृत्तपत्रांचा मालक केन आणि त्याची पहिली पत्नी एमिली यांच्या संसाराची कित्येक वर्षे तिथे काही मिनिटांत सरतात. सुरुवातीला दोघे जवळजवळ बसलेले असतात. पुढे कपडे बदलत जातात, सूर कोरडा होत जातो, आणि अखेरीस लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघे मुकाट्याने वाचत असतात, तेही असे की तिच्या हातात नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वृत्तपत्र असते. या प्रसंगाबद्दल बोलताना सगळे त्या टेबलाच्या लांबीचे कौतुक करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मधला एक क्षण: लोक काय विचार करतील, असे ती म्हणू लागते आणि तिचे अर्धे राहिलेले वाक्य तो आपल्या मनासारखे पुरे करून टाकतो. आवाज चढत नाही, पण वाक्य तिचे राहत नाही.

आपल्या कथेला याहून जवळचा प्रसंग त्याच चित्रपटात पुढे येतो. दुसरी पत्नी सुझन प्रचंड दिवाणखान्यात चित्रांचे तुकडे जुळवत बसलेली असते आणि तिला न्यूयॉर्कला जायचे असते. आपले घर इथेच आहे, असे तो दुरून सांगतो आणि मागणी तिथेच संपते. दोघांमधले अंतर इतके आहे की साधे बोलणेसुद्धा हाक मारल्यासारखे घुमते.

तिसरी रांग

कोनाच्या सल्ल्याबद्दल आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही ‘केन’मध्येच सापडेल. निवडणूक हरल्यानंतर केन मित्राशी बोलतो तो प्रसंग कॅमेरा जवळजवळ जमिनीच्या पातळीवर ठेवून चित्रित केलेला आहे. माणूस पडद्यावर अवाढव्य दिसतो, पण तो नुकताच सर्वांत मोठा पराभव पत्करून आलेला असतो. कोनाचा अर्थ प्रसंगानुसार ठरतो, कोष्टकानुसार नव्हे.

आपले पात्र सौम्य असेल तर सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) जवळचा ठरेल. भूपती दुष्ट नाही. तो कामात गढलेला आहे. (तोही वृत्तपत्रच चालवतो, हा योगायोग गमतीदार आहे.) चारू या खिडकीतून त्या खिडकीकडे जात दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसे पाहत असते, इतक्यात पुस्तकात डोके घातलेला नवरा तिच्या समोरून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही, आणि ती तीच दुर्बीण त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर रोखते. कोण कोणाकडे पाहते आणि कोणाला पाहण्याची गरजच भासत नाही, एवढ्यावर सारा प्रसंग उभा आहे.

काळा पडदा

वरील उदाहरणांत कॅमेरा दुर्बल बाजूला किंवा तटस्थ आहे. तो वर्चस्व गाजवणाऱ्याच्या बाजूने असेल तर काय होते, हे हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) दिसते. स्कॉटी ज्युडीला गमावलेल्या प्रेयसीसारखे कपडे घ्यायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, आणि केस तसेच बांधलेले नाहीत एवढ्यावरून पुन्हा आत पाठवतो. ती बाहेर येते तेव्हा हिरवट प्रकाश आणि बर्नार्ड हरमन यांचे संगीत मिळून तो क्षण मीलनाचा वाटावा असा रंगवतात. प्रेक्षकही स्कॉटीबरोबर तिची वाट पाहत असतो, म्हणून नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटते. शिवाय ज्युडीला ठाऊक असलेले गुपित त्याला ठाऊक नसते, आपल्याला मात्र तोवर कळलेले असते. म्हणजे एका अर्थाने पारडे तिच्याही बाजूला झुकते. असमतोल एकाच दिशेचा असतो, हे गृहीतकच मला लेखनाच्या दृष्टीने अपुरे वाटते.

अर्धविराम

अर्धे वाक्य दुसऱ्याने पुरे करण्याचा मुद्दा नेमका लागला. मग ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य ठेवावे की काढावे?

दुसरी घंटा

ठेवावे, पण त्यावर थांबू नये. ते वाक्य बोलताना त्याने मान वर करू नये आणि कॅमेरा तिच्यावर राहावा. तिचा निर्णय अजिबात दाखवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना त्याने सहज विचारावे, ‘कळवलेस ना त्यांना?’ काय कळवायचे, हे त्याने ठरवून टाकले आहे आणि आपण ते ठरवले, याची त्याला जाणीवही नाही.

अर्धविराम

आज तसे लिहून पाहिले. ती ‘हो’ म्हणते. तिने खरोखरच कळवले आहे की नाही, आणि कळवले असल्यास काय, हे मलाही अजून ठरवता आलेले नाही, त्यामुळे पुढचे पान कोरेच आहे.