शब्दचर्चा : ‘सेल्फ-रेग्युलेटेड लर्निंग’ला काय म्हणावं? आणि ‘अभ्यास झाला’ की ‘अभ्यास येतो’?

पानवाट : नववी-दहावीच्या मुलांसाठी दोन पानी पत्रक मराठीत करायचं आहे. मुलांनी आपला अभ्यास आपण आखावा, त्यावर आपणच लक्ष ठेवावं आणि परीक्षेच्या काळात झोप-तब्येत सांभाळावी, असा विषय. मसुद्यात सध्या तीन मथळे आहेत : ‘स्वनियमित अध्ययन’, ‘ध्येयनिश्चिती’, ‘तणाव व्यवस्थापन’. तिन्ही शब्द बरोबर आहेत, पण मुलं वाचतील असं वाटत नाही. पर्याय सुचवा, आणि शब्द चुकीचा वाटला तर का चुकीचा तेही सांगा.

धातुसाधित : ‘स्वनियमित’ आधी काढा. मराठीत ‘नियमित’चा रूढ अर्थ रोजच्या रोज, न चुकता. नियमित हजेरी, नियमित व्यायाम. ‘स्वनियमित अध्ययन’ वाचून मुलाला वाटेल की रोज अभ्यास करा एवढंच सांगितलंय. मूळ संज्ञेत रोजचेपणा नाही, लगाम आपल्या हाती असणं आहे. शास्त्रीय लेखात ‘स्वनियमन’ चालेल, कारण ‘वाहतूक नियमन’मुळे तो अर्थ जिवंत आहे. ‘स्वनियंत्रित’ मात्र नको, तो यंत्राचा शब्द वाटतो.

‘स्वाध्याय’ हा सुंदर शब्द होता. ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ म्हणणाऱ्या तैत्तिरीय उपनिषदापासून तो चालत आला आहे. पण पाठ्यपुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांवर ‘स्वाध्याय’ छापून आपण त्याला वहीत कोंडलं. मुलांच्या कानाला आता त्याचा अर्थ ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ एवढाच उरला आहे.

रुजवात : मग साधा ‘अभ्यास’ का नको? हिंदीत अभ्यास म्हणजे सराव आणि शिकण्याला ‘पढ़ाई’. मराठीत दोन्ही एकाच शब्दात आहेत. योगसूत्रात (१.१३, १.१४) अभ्यासाची व्याख्याच आहे : स्थिर राहण्यासाठी केलेला यत्न. तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर पक्का होतो. तुकोबांच्या ‘असाध्य ते साध्य करिता सायास’च्या पुढचं ‘कारण अभ्यास’ याच अर्थाचं आहे. ‘आपला अभ्यास आपल्या हाती’ असा मथळा दिलात तर संज्ञाही कळेल आणि वाचवेलही.

ताळेबंद : मथळा छान आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते आणि ती या विषयातली सर्वांत महत्त्वाची आहे. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी या शिकण्याचे तीन टप्पे मांडले : आधीचा विचार, प्रत्यक्ष काम, आणि नंतर स्वतःच्या कामाकडे वळून पाहणं. तिसऱ्यातून जे हाती लागतं त्यावर पुढच्या खेपेचा पहिला टप्पा उभा राहतो. म्हणजे हे चक्र आहे. आपल्याकडची पत्रकं बहुतेकदा पहिल्या टप्प्यातच अडकतात. रंगीत वेळापत्रक होतं, भिंतीवर लागतं, आणि चौथ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

तिसऱ्या टप्प्यासाठी ‘आत्मपरीक्षण’ लिहू नका. त्यात अपराधाची छटा आहे, मुलं लगेच ‘मी आळशी आहे’वर येतात. गणितातला ‘पडताळा’ घ्या. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून बघायचं, भाज्य आला तर बरोबर. त्यात कुणावर ठपका नाही. उत्तर जुळतं किंवा जुळत नाही, आणि जुळलं नाही तर कुठल्या पायरीवर घसरलं ते शोधायचं.

आता मुख्य मुद्दा. मराठीत अभ्यासाबद्दल दोन क्रियापदं चालतात आणि ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘धडा झाला’ म्हणजे पानं संपली. ‘पाढा येतो’ म्हणजे पुस्तक न बघता, मध्येच विचारलं तरी सांगता येतो. मुलांची सगळी आखणी ‘झाला’वर चालते : इतिहासाचे तीन धडे झाले, बीजगणिताचं पहिलं प्रकरण झालं. परीक्षा मात्र ‘येतो का?’ एवढंच विचारते.

हा फरक प्रयोगात मोजलेला आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच उतारे पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं : पुन्हा वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा समज होतो. रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा ओळखता येतो, पण तोच कागदावर काढायला बसलं की नाकाशीच अडतं. तसंच हे.

पानवाट : हे पटलं. मग पत्रकातल्या अभ्यासाच्या तक्त्यात रकाना कसा करायचा? ‘झाला / येतो’ असे दोन ठेवू?

ताळेबंद : दोन ठेवा, पण ‘येतो’वर खूण कधी करायची ते तिथेच छापा, नाहीतर दोन्ही खुणा एकाच वेळी होतील. धडा वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटायचं. कोऱ्या पानावर १० मिनिटं आठवेल ते लिहायचं : व्याख्या, आकृती, सनावळी, सूत्रं. मग पुस्तक उघडून, सुटलेलं वेगळ्या शाईने त्याच पानावर भरायचं. दुसऱ्या शाईचा मजकूर निम्म्याहून जास्त असेल तर ‘येतो’ कोरा ठेवायचा. पुढच्या खेपेला अख्खा धडा नाही वाचायचा, फक्त दुसऱ्या शाईचं वाचायचं. वेळ वाचतो तो इथे.

नेहमी एक चूक होते, मुलं वाचल्या वाचल्या लगेच लिहायला बसतात. तेव्हा सगळं आठवतं आणि पडताळा खोटा निघतो. मध्ये एक झोप गेलीच पाहिजे.

धातुसाधित : यालाच ‘उजळणी’ म्हणायचं असतं, आणि या शब्दात रीतही दडलेली आहे. दागिन्याला उजाळा देतात तो काळवंडल्यावर. कालच लख्ख केलेली पाटली आज पुन्हा कुणी सोनाराकडे नेत नाही. उजळणीही थोडं विसरायला झाल्यावर करायची. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. म्हणून अंतरं वाढती ठेवतात : दुसरा दिवस, चौथा, अकरावा, मग महिन्याने. हे आकडे काही मंत्र नाहीत, सोयीचे आहेत. पुढे ढकलले तर बिघडत नाही, सगळे एका दिवशी कोंबले तर बिघडतं.

आणखी एक शब्द परत आणण्यासारखा आहे : ‘परवचा’. दिवेलागणीला पाटी-पुस्तकाशिवाय पाढे, पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तोंडपाठ म्हणायची ती. ती बंद पडली ती घोकंपट्टी म्हणून. पण घोकणं आणि परवचा एक नव्हेत. घोकताना मजकूर समोर असतो, परवच्यात नसतो. आपण दोन्हींना एकाच नावाने झोडपलं आणि उपयोगी होतं तेही टाकून दिलं, याचं मनापासून वाईट वाटतं.

रुजवात : ‘ध्येयनिश्चिती’बद्दल. ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करायचं ते. डॉक्टर होणं हे ध्येय. ‘मंगळवारपर्यंत प्रकाशाच्या अपवर्तनाची सहा उदाहरणं सोडवणं’ याला ध्येय म्हटलं तर शब्द अंगापेक्षा मोठा होतो. ‘उद्दिष्ट’ म्हणजे बोटाने दाखवलेलं, तो बरोबर बसतो. लॉक आणि लेथम यांच्या संशोधनाचा गाभा हाच : ‘जमेल तेवढं कर’पेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट जास्त काम करून घेतं, मात्र ते स्वतःला मान्य असायला हवं आणि कुठवर आलो हे मध्ये मध्ये कळायला हवं.

पण माझी खरी शिफारस ‘संकल्प’ची आहे. मराठीत संकल्प ‘सोडतात’. पूजेला बसलेला माणूस उजव्या हातात पाणी घेतो आणि देश, काल, तिथी, वार, स्वतःचं नाव-गोत्र, काय करणार आणि कशासाठी, हे सगळं मोठ्याने उच्चारून मगच पाणी सोडतो. म्हणजे कुठे, कधी, कोण, काय, सगळं ठरतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी सांगितलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही रीत याच जातीची आहे. ‘रोज गणित करीन’ हा संकल्प नव्हे. ‘संध्याकाळी शिकवणीहून आल्यावर हातपाय धुतले की, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भूमितीची दोन प्रमेयं न बघता लिहीन’ हा संकल्प.

माजघर : कल्पना सुरेख, पण पत्रक सगळ्या मुलांसाठी आहे. गोत्र-तिथीचा संदर्भ सगळ्यांच्या घरात नसतो, आणि ‘नवीन वर्षाचा संकल्प’ने तो शब्द मोडण्यासाठीच असतो असं करून ठेवलंय. ‘ठरवलेलं’ असं साधं लिहा आणि खाली चार रकाने द्या : कशानंतर, कुठे, काय, किती.

रुजवात : मान्य. रकाने महत्त्वाचे, शब्द सोडतो.

ताळेबंद : ‘किती’च्या रकान्यात एक सावधगिरी. मुलं लागणाऱ्या वेळेचा अंदाज नेहमी कमी धरतात, मोठेही धरतात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४च्या अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३३.९ दिवस लागतील म्हटलं, लागले ५५.५. म्हणून वाटेल त्याच्या दीडपट वेळ धरा, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवा. राहिलेलं तिथे ढकलायचं. ती संध्याकाळ नसेल तर सोमवारचं मंगळवारवर, मंगळवारचं बुधवारवर असं करत शुक्रवारी सगळं वेळापत्रक फेकलं जातं.

धातुसाधित : थोडं विषयांतर. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लोंची रीत ‘पोमोदोरो’ नावाने मुलांपर्यंत पोचली आहे. आपली घटका २४ मिनिटांची. ‘घटकाभर बस’ असं लिहा, शब्द फुकट मिळतोय.

माजघर : आता ‘तणाव’. मराठीत तणाव सीमेवर असतो, दोन गटांत असतो, गावात असतो. तंबूच्या दोरीला ‘तणावा’ म्हणतात. मुलाला येतो तो ‘ताण’. हिंदीतल्या ‘तनाव’मुळे आपण घसरतो. आणि ‘व्यवस्थापन’ तर काढाच, ताण सांभाळायचा असतो.

‘ताण’ आणि ‘दडपण’ही वेगळे ठेवा. ताण ओढतो, दडपण वरून दाबतं. अभ्यास जास्त आणि दिवस कमी, हा ताण. ‘काकांच्या मुलीला ९४ टक्के होते’ हे दडपण. उपाय वेगळे आहेत म्हणून शब्द वेगळे हवेत. ताणावर आखणी चालते. दडपणावर आखणी चालत नाही, तिथे घरच्यांशी बोलावं लागतं. ते नववीतल्या मुलावर सोडू नका, पालकांसाठी वेगळा परिच्छेद लिहा.

थोडा ताण हवाही असतो. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की उत्तेजना वाढली की शिकणं एका मर्यादेपर्यंत सुधारतं, मग ढासळतं, आणि काम अवघड असेल तर ती मर्यादा आधीच येते. तंबोऱ्याची तार सैल असली तर बोलत नाही, फार पिळली तर तुटते.

पानवाट : आणि ‘टेन्शन घेऊ नको’? ते हिंदीतून आलंय म्हणून टाळावं का?

माजघर : टाळू नका, मुलं तेच बोलतात. शिवाय ‘घेणे’ आपल्याला परकं नाही. आपण धसका घेतो, धास्ती घेतो, हाय तर खातोच. अडचण वेगळी आहे. ‘घेऊ नको’ म्हटलं की तो मुलाचा दोष ठरतो, जणू ताटात वाढलेलं त्यानेच उचललं.

‘ताणाची शारीरिक लक्षणे’ असा तक्ता करण्यापेक्षा मराठीत जे म्हणतात ते लिहा : पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, छातीत धडधडतं, अन्नावरची वासना उडते. मूल एका क्षणात म्हणेल, हे माझं. शेजारीच उपाय द्या. धडधडत असेल तर चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, असं पाच मिनिटं. श्वास जोरात ओढायचा नाही, जोर लावला की चक्कर येते.

झोपेचा भाग छोटा ठेवा, पण आकडे स्पष्ट द्या. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात. रात्री नऊचा चहा दोन वाजताही निम्मा अंगात असतो. ‘रात्र जागवली’ या शब्दप्रयोगाला आपल्याकडे उगाच पराक्रमाचा वास आहे, पत्रकात तो कुठेही कौतुकाने येऊ देऊ नका. वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं.

धातुसाधित : ‘निराशा’ आणि ‘नैराश्य’ एकमेकांच्या जागी वापरू नका. गुण कमी पडले म्हणून दोन दिवस येते ती निराशा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, खेळ, मित्र कशातच जीव रमत नसेल तर ते नैराश्य असू शकतं आणि तिथे डॉक्टर हवा. जीव नकोसा वाटल्याचं मूल बोललं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ मोठ्या अक्षरात छापा, तळटीपेत नको. हा मानसिक आरोग्यासाठीचा केंद्र सरकारचा मोफत मदत-क्रमांक आहे.

पानवाट : छापतो, पहिल्याच पानावर. शेवटचा प्रश्न : पडताळ्याच्या रकान्यात ‘चुका’ लिहू की ‘काय चुकलं’?

ताळेबंद : ‘कुठे चुकलं’ लिहा. ‘चुका’ म्हटलं की मुलं फक्त मोजतात, आठ चुका, दहा चुका. ‘कुठे’ म्हटलं की जागा शोधावी लागते : सूत्र आठवलं नाही, एकक लिहायचं राहिलं, प्रश्न अर्धाच वाचला, वेळ संपला. या चार जागा खाली छापून ठेवा आणि मुलाला नुसती खूण करू द्या. तीन आठवड्यांत खुणा कुठल्या जागेवर गोळा होतात ते त्याचं त्यालाच दिसेल.