रिपोर्ट चॅटजीपीटीने लिहिला, तर मार्क कुणाला द्यायचे?

तासिका-मास्तर
इंजिनिअरिंगला शिकवतो. यंदा फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टांचं इंग्रजी एकदम गुळगुळीत झालंय. एका ग्रुपने 'मॉडेलची अचूकता ९७ टक्के' असं छापलं होतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं, टेस्टिंगला डेटा किती ठेवला होता? चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. रिपोर्टाचे मार्क बंद करा, सगळे व्हायवाला द्या.

बॅकलॉग-बहाद्दर
सर, २०२२च्या आधी तरी रिपोर्ट कोण लिहीत होतं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचची सॉफ्ट कॉपी मिळायची. चॅटजीपीटीने फार तर त्याचा धंदा बसवला.

गाईडबाई
फरक आहे. उतरवलेलं पकडता यायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६०च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. पण साम्य काढायला मूळ मजकूर कुठेतरी असावा लागतो. इथे दर वेळी नवं लिहून मिळतं. एआय ओळखणारं सॉफ्टवेअर सक्तीचं करावं.

थर्डइयर-मेकॅनिकल
मॅडम, ते नको! ओपनएआयने स्वतःचंच असलं सॉफ्टवेअर जुलै २०२३मध्ये मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध असल्या सात डिटेक्टरांतून काढले. माणसांनी लिहिलेले, तरी सरासरी निम्म्याहून जास्त 'एआयचे' ठरले. म्हणजे आमच्यासारखे मराठी माध्यमवाले साधंसुधं इंग्रजी लिहिणार आणि तेच आधी अडकणार. क्लासची फी परवडत नाही, थर्मोडायनॅमिक्स मी चॅटजीपीटीला मराठीत विचारून शिकलो.

गाईडबाई
शीक की. पण ते बरोबर सांगतंय हे तुला कसं कळलं?

थर्डइयर-मेकॅनिकल
पुस्तकातली गणितं सोडवून. कार्नो इंजिनची कार्यक्षमता काढताना त्याने तापमान सेल्सिअसमध्येच घातलं, केल्विन केलंच नाही. तिथे पकडलं.

तासिका-मास्तर
बघा, हे व्हायवाला पाच मिनिटांत कळलं असतं.

बॅकलॉग-बहाद्दर
पाच मिनिटं आणणार कुठून? बाहेरचे परीक्षक, एक्स्टर्नल, अकराला येतात, पोहे-चहा होतो, साठ पोरं चारच्या आत उरकायची. 'नाव काय, टायटल काय, नेक्स्ट.' कायम प्राध्यापकांची भरती रखडलेली, तुम्ही तासावर. व्हायवाच्या वेळेचे पैसे तरी मिळतात का तुम्हाला?

तासिका-मास्तर
नाही मिळत. तरी रिपोर्टाचे मार्क बंदच करा.