सेंटर पिव्होट आपल्याकडे परवडेल का?

खान्देशी_शेतकरी: अमेरिकेतल्या कॅन्ससचे व्हिडिओ बघतोय, पूर्ण गोल शेतं, मधे एक खांब आणि त्याभोवती चाकांवरचा लांबच लांब पाइप पाणी देत फिरतो, तोच सेंटर पिव्होट. माझी ८ एकर कपाशी आहे, बसवता येईल का?

प्लेन्सवासी: दादा तिकडे १६० एकरचे चौकोनी तुकडे असतात, पाइप साधारण १३०० फूट, एका फेरीत १२५-१३० एकर भिजतं आणि कोपरे कोरडे राहतात. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याला १९५२ ला याचं पेटंट मिळालं. बाहेरचं टोक जास्त जमीन कापतं म्हणून तिकडचे नोझल (पाणी फवारणारी तोंडं) मोठे लागतात, हे गणित चुकलं की मधे चिखल आणि कडेला दुष्काळ.

काळीमाती: ८ एकराला ड्रिपच (ठिबक) घ्या भाऊ. मधे विहीर, झाड, विजेचा खांब असला की पिव्होट अडलाच, आणि आपल्या तुकड्यांच्या शेतात शेजाऱ्याच्या बांधावरून तो फिरवणार कसा?

प्लेन्सवासी: बरोबर. आणि पाण्याचं पण बघा, ओगलाला हा जमिनीखालचा साठा ८ राज्यांत पसरलाय, तरी पश्चिम कॅन्ससमधे उपसून उपसून काही ठिकाणी पातळी १०० फुटांपेक्षा जास्त खाली गेलीय. आता नोझल पिकाजवळ खाली लोंबते ठेवतात, वाऱ्याने पाणी कमी उडतं.

खान्देशी_शेतकरी: मग ड्रिपच. लॅटरल (ओळीने टाकायच्या ठिबकच्या नळ्या) किती अंतरावर टाकू, काळी भारी जमीन आहे?