धनू केपटाऊनला चाललीय, काय काय न्यायचं? (सोसायटी ग्रुपवरून)

बी-३०२ धनूची आई: नमस्कार सगळ्यांना, जरा वेगळा विषय आहे, चालेल ना. धनू जुलैत एका सेमिस्टरसाठी केपटाऊनला चाललीय, युनिव्हर्सिटी ऑफ केपटाऊन, फिजिक्स. नोव्हेंबरपर्यंत. अमेरिका-जर्मनीची माहिती आमच्या नात्यात वाटेल तेवढी मिळते पण आफ्रिकेत कोणीच गेलेलं नाहीये. कोणाला अनुभव असेल तर सांगा. आणि प्लीज घाबरवू नका, ते काम आमच्या सासूबाई करतायत

सी-७०४ नाना: अभिनंदन. रात्री बाहेर पडू नको म्हणावं, वाघबिघ असतात

ए-५०३: नाना वाघ आफ्रिकेत नसतातच, वाघ आपल्याकडे

सी-७०४ नाना: मग सिंह

ए-५०३: सिंह पण शहरात नाहीत हो. शहराच्या दक्षिणेकडच्या टोकाला बबून माकडं आहेत, खिडकी उघडी राहिली की घरात शिरून ब्रेड पळवतात, महाबळेश्वरला होतं तसंच, फक्त आकार मोठा. आणि सायमन्स टाऊनच्या किनाऱ्यावर पेंग्विन आहेत, राणीच्या बागेत तिकीट काढून बघतो तसेच, जात वेगळी

ए-५०३: वहिनी मी तीन वर्षं जोहान्सबर्गला होतो प्रोजेक्टवर, केपटाऊनला पण चारेक वेळा गेलोय. आधी व्हिसा, बाकी सगळं नंतर. पोलिस क्लिअरन्स लागेल, ते पासपोर्टवाल्यांकडून मिळतं, शिवाय मेडिकल रिपोर्ट, ही कागदपत्रं सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाहीत. आणि हेल्थ कव्हर! इथेच लोक अडकतात, आपला नेहमीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स विद्यार्थ्यांना चालत नाही, तिथल्या कौन्सिल फॉर मेडिकल स्कीम्सकडे नोंद असलेली मेडिकल स्कीमच घ्यावी लागते, युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस सांगेल कुठली ते. माझ्या भाच्याने सगळं शेवटच्या महिन्यावर ठेवलं आणि मग घरात जे काय झालं ते इथे लिहीत नाही

बी-३०२ धनूची आई: बापरे हेल्थ कव्हरचं माहितीच नव्हतं. तिने तर तिकीट शोधून ठेवलंय, आदिस अबाबावरून, स्वस्त पडतंय म्हणे पण मध्ये १४ तास थांबायचंय

बी-१०४ डॉक्टर: थांबा, बुक करू नका. दक्षिण आफ्रिकेत यलो फीवर नाही पण इथिओपिया त्या यादीत आहे, केनिया पण. अशा देशात विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलं तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना लसीचं कार्ड मागतात. परत येताना आपल्याकडे पण मागू शकतात, कार्ड नसेल तर थेट क्वारंटाइन होऊ शकतं. लस सरकारमान्य सेंटरवरच घ्यायची आणि प्रवासाच्या निदान १० दिवस आधी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. नाहीतर सरळ दुबई किंवा दोहावरून जा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील

बी-१०४ डॉक्टर: मलेरिया केपटाऊनला नाही. पण ही मुलं सुट्टीत क्रूगरच्या जंगलात जातातच, तिकडे आहे, त्या गोळ्या जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. जायचं ठरलं तर मला फोन कर म्हणावं

सी-६०१: आफ्रिका म्हणजे ऊन असेल ना, कॉटनचे कपडे द्या भरपूर

ए-५०३: काकू नको नको, जुलैत तिकडे हिवाळा असतो आणि केपटाऊनचा पाऊस पण हिवाळ्यातच. म्हणजे आपला डिसेंबरातला गारठा आणि आषाढातला पाऊस दोन्ही एकदम आलं असं समजा, घरात हीटर असतोच असं नाही. छत्री नेऊ नका, वाऱ्याने पहिल्याच दिवशी उलटी होते, चांगला रेनकोट द्या

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी १० ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

ए-३०१ (लातूरवाले काका): परत? मागच्याच महिन्यात झाली ना

ए-३०१ (लातूरवाले काका): बाकी धनूला सांगा, पाणी भरून ठेवायची सवय तिकडे उपयोगी पडेल. २०१८ ला केपटाऊनचे नळ बंद व्हायची वेळ आली होती, डे झीरो म्हणायचे त्या दिवसाला, माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हा बातम्या बघताना वाटायचं, केवढं श्रीमंत शहर आणि तिथेही बादल्याच

ए-५०३: आणि लोडशेडिंग. शब्द पण हाच आहे तिकडे. २०२३ मध्ये जवळपास रोज दिवे जायचे, आता पुष्कळ बरं आहे. प्लगचं सांगतो, ते युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊ नका, आपल्या गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग असतो ना तोच तिथे भिंतीत बसतो, व्होल्टेजही आपल्यासारखंच. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मोठ्या पिनांचा एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, काम झालं

धनू: मी पण आहे हां ग्रुपवर :) सगळं वाचतेय. आई, तू सगळ्यांना विचारलंस पण मला नाही विचारलंस की तिथेच का जातेय. सदर्लंडला साल्ट नावाची दुर्बीण आहे, आरसा साधारण ११ मीटरचा, आपल्या पुण्याची आयुका (खगोलशास्त्राची संस्था) त्यात भागीदार आहे, तिकडे एकदा जाऊन यायचंय. आणि मॅगेलनचे ढग, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या आकाशगंगा, मला डोळ्यांनी बघायचेत, त्या इथून जवळपास दिसतच नाहीत

बी-२०३ (शाळेच्या बाई): शाब्बास गं. गोखले पण १९१२ ला केपटाऊनलाच उतरले होते, गांधी सगळा दौरा त्यांच्याबरोबर होते. गांधींनी स्वतः लिहून ठेवलंय, ऐकायला कोकणी मुसलमान होते म्हणून त्यांनी गोखल्यांना मराठीत बोला म्हटलं, हिंदुस्तानीत भाषांतर मी करतो. गोखले हसले, म्हणाले तुमचं हिंदुस्तानी कळलं मला, आता हे मराठी कुठे शिकलात

सी-७०४ नाना: ते सगळं ठीक. सेफ्टीचं कोणीच बोलत नाहीये

बी-३०२ धनूची आई: हो नाना, तेच विचारायचं होतं खरं तर, थंडीपावसाचं निमित्त

सी-२०२ मुकादमकाका: सकाळपासून वाचतोय, कामावर होतो म्हणून लिहिलं नाही. बाईंनी कोकणी मुसलमान म्हटलं म्हणून सांगतो, आमच्याकडची पुष्कळ माणसं केपटाऊनला आहेत. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ बोटीने गेले ते तिकडचेच झाले. त्यांची नात, म्हणजे माझी चुलत बहीण, रायलंड्सला राहते, युनिव्हर्सिटीपासून गाडीने जवळ. वर्णभेदाच्या काळात ग्रुप एरियाज कायदा होता, कोणी कुठे राहायचं ते सरकार ठरवायचं, रायलंड्स भारतीय लोकांना दिलेलं. आता कायदा नाही पण शहर अजून तसंच वाटलेलं दिसतं, एकीकडे हिरवळी आणि पंधरा-वीस मिनिटांवर पत्र्याची घरं. ती म्हणते आधी हे समजून घ्यावं, मग कुठे कसं वागायचं ते आपोआप कळतं

सी-२०२ मुकादमकाका: बाकी, अंधार पडला की पायी नाही, पाच मिनिटांचं अंतर असलं तरी टॅक्सी मागवायची. रस्त्यात मोबाईल हातात नाही. डोंगरावर एकटीने नाही, दिवसासुद्धा नाही. युनिव्हर्सिटीची स्वतःची बस आहे, जॅमी म्हणतात, विद्यार्थ्यांना फुकट. वहिनी, मी आत्ताच बहिणीला फोन केला, दर रविवारी जेवायला ये म्हणालीय. घरात कोकणी चालते, पोरं इंग्लिशमध्ये उत्तर देतात पण समजतं सगळं

बी-३०२ धनूची आई: काका काय बोलू आता. संध्याकाळी येते घरी

बी-३०२ धनूची आई: सासूबाई विचारतायत धनू शाकाहारी आहे, रविवारी चालेल का

सी-२०२ मुकादमकाका: तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ चालेल ना, तेवढं कोकण तिच्यात शिल्लक आहे

सी-६०१: साजूक तूप द्या बाई दोन किलो

ए-५०३: काकू दूध-तुपाचे पदार्थ, मध, बियाणं, यावर बंधनं आहेत तिकडे, कस्टमवाले काढून घेतील. मेतकूट, भाजणी, चटण्या असं कोरडं द्या, पॅक करून, वर नाव लिहून, आणि विचारलं तर लपवू नका. मसाल्यांची काळजीच नको, बो-काप भागात मोठी दुकानं आहेत

सी-२०२ मुकादमकाका: एक अडचण आहे वहिनी. बहिणीने आमसुलं मागवलीत, तिकडची तिला आवडत नाहीत

धनू: आणते ना काका, किती?

सी-२०२ मुकादमकाका: तीन किलो म्हणाली. मी म्हटलं पोरीला कपडे पण न्यायचेत. मग म्हणाली बरं, अडीच