मदत हवी आहे: ध्यान शिबिरानंतर भावाची झोप उडाली आहे (कोल्हापूर)
धाकटा भाऊ दहा दिवसांच्या मौन शिबिराहून आला, तेव्हापासून रात्री जेमतेम दोन तास झोपतोय. काल पहाटे रंकाळ्याच्या कट्ट्यावर अनवाणी बसलेला सापडला. म्हणाला, "दादा, पाणी बोलतंय माझ्याशी." आई म्हणते, अंबाबाईची ओटी भरूया. भरूच, पण डॉक्टरही हवेतच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या आजारांच्या निदान-पुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी वेगळी नोंद केली, ती आजारांत धरली नाही. म्हणजे असा प्रत्येक अनुभव वेड नव्हे. पण झोप उडून आवाज ऐकू यायला लागले की थांबून चालत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर जवळ ठेवलाय. त्याच्या साधनेला नावं न ठेवता ऐकून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ कोल्हापुरात कोण आहेत? "मला काही झालेलं नाही" म्हणणाऱ्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं? कृपया लवकर सांगा.